डायनरचा नाश्ता घरच्या तव्यावर: पॅनकेक, हॅश ब्राऊन, बेकन आणि बाकीचं ताट

अमेरिकेत काही वर्षं काढून पुण्या-मुंबईत परतलेल्या घरांत सुरुवातीला रोज पोहे, थालीपीठ, साबुदाणा खिचडीची चैन चालते. मग एखाद्या रविवारी मुलं पॅनकेक मागतात. तिथंच जन्मलेल्या मुलांना तर पुणं हाच परदेश, त्यामुळे त्यांची ही भूक समजण्यासारखी आहे. आईवडिलांनाही हायवेवरच्या डायनरमधलं, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळीतलं, ते भरलेलं ताट आठवू लागतं: दोन अंडी, बेकन, बटाट्याचा कुरकुरीत थर म्हणजे हॅश ब्राऊन, कडेला पॅनकेकची चळत आणि सतत भरला जाणारा कॉफीचा मग.

अशा वेळी बहुतेक जण आयात मालाच्या दुकानात जाऊन पॅनकेक मिक्स घेतात. ते पैसे वाचवा. त्या डब्यात मैदा, साखर, मीठ, बेकिंग पावडर आणि फार तर दुधाची पावडर असते. डायनरची चव येते सपाट, जाड, स्थिर तापमानाच्या लोखंडी पृष्ठभागावरून, आणि तो आपल्याकडे बिडाच्या डोशाच्या तव्याच्या रूपात आहेच. पोळीचा खोलगट तवा मात्र चालत नाही. पॅनकेक मध्यभागी सरकून जाड होतात, कडा कोरड्या पडतात. आच मोठी आणि तवा लहान असला तर ज्योत कडेने वर येते आणि तव्याची कड मध्यापेक्षा गरम होते. म्हणून तवा बर्नरपेक्षा बराच मोठा घ्या आणि कमी आचेवर निदान सहा-सात मिनिटं तापू द्या.

आधी मापं

अमेरिकी पाककृतीतला कप म्हणजे सुमारे २४० मिली, मोठा चमचा १५ मिली आणि छोटा चमचा ५ मिली. घरातल्या वाटीचा याच्याशी काही संबंध नाही. शिवाय कप थेट डब्यात बुडवून मैदा घेतला तर तो दाबला जाऊन १५० ग्रॅमपर्यंत जातो, चमच्याने हलका भरला तर १२० ते १२५ ग्रॅम भरतो. घट्ट, रबरी पॅनकेकच्या निम्म्या तक्रारी इथंच सुरू होतात. वजनकाटा घ्या. खाली सगळं ग्रॅममध्येच दिलं आहे, चमचे मात्र मापाचे आणि सपाट भरलेले.

ओव्हनचे आकडे फॅरनहाइटमध्ये असतात. ३५० म्हणजे साधारण १७५ सेल्सियस, ४०० म्हणजे २०५, ४२५ म्हणजे २२०. घरगुती ओटीजीची तबकडी पंधरा-वीस अंश इकडेतिकडे दाखवणं सर्रास असतं, त्यामुळे आत ठेवायचा छोटा तापमापक घेतलेला बरा.

बेकिंग पावडर तपासून घ्या. छोटा चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकल्यावर जोरात फसफसली तर ठीक. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा महिन्या-दोन महिन्यांत निकामी होऊ शकतो.

पॅनकेक

चार जणांना माफक, दोन भुकेल्यांना भरपूर, असे १० सेंटिमीटर व्यासाचे आठ पॅनकेक होतात.

मैदा १५० ग्रॅम, साखर १ मोठा चमचा, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा. ओल्या जिन्नसांत दही १८० ग्रॅम, दूध ६० मिली, अंडं १, वितळवून कोमट केलेलं लोणी ३० ग्रॅम. आपल्याकडचं पिवळं विकतचं लोणी चांगलंच खारट असतं, ते वापरत असाल तर मीठ चिमूटभरच घाला.

दही-दुधाचं मिश्रण इथं बटरमिल्कच्या जागी आहे. तिकडचं कार्टनमधलं बटरमिल्क विरजलेलं आणि दाट असतं. आपलं ताक म्हणजे पाणी घालून घुसळलेलं, ते वापरलं की पीठ तव्यावर धिरड्यासारखं पसरतं. दही तीन भाग आणि दूध एक भाग घेतलं की दाटपणा आणि आंबटपणा दोन्ही जमतात.

आंबटपणाला इथं काम आहे. सोडा दह्यातल्या आम्लाशी मिळून वायू सोडतो आणि त्यातच स्वतः संपतो. दही गोड, आदल्या रात्री लावलेलं असेल तर सोड्याला पुरेसं आम्ल मिळत नाही. मग पॅनकेक प्रमाणाबाहेर तपकिरी होतात आणि चवीला साबणासारखे लागतात. अशा वेळी सोडा पाव चमच्यावर आणा आणि बेकिंग पावडर दीड चमचा करा, किंवा दह्यात छोटा चमचाभर लिंबाचा रस घाला.

कोरडे जिन्नस एका भांड्यात नीट चाळून एकत्र करा. ओले दुसऱ्या भांड्यात फेटा, लोणी शेवटी घाला. दही फ्रिजमधून थेट काढलेलं असेल तर लोण्याचे गोळे होतात, म्हणून ते आधी अर्धा तास बाहेर ठेवा. ओलं कोरड्यात ओता आणि उलथन्याने दहा-बारा वेळा फक्त खालून वर घ्या. सुका मैदा दिसेनासा झाला की थांबा. गुठळ्या राहतील, राहू द्या. इथं हात आवरत नाही, कारण भज्यांच्या पिठापासून सगळीकडे आपल्याला गुठळी मोडायची सवय. पण मैदा ओला झाल्यावर जितका घोटाल तितकं ग्लुटेन चिवट होतं. पीठ दहा मिनिटं तसंच ठेवा, बऱ्याच गुठळ्या आपोआप भिजून जातात. त्यानंतर पुन्हा ढवळू नका, वर आलेला वायू निघून जातो.

तव्यावर पाण्याचे थेंब टाका. ते जागीच हळूहळू उकळत बसले तर तवा थंड आहे. टणाटणा उड्या मारून दोन-तीन सेकंदांत नाहीसे झाले तर बरोबर. गोट्यांसारखे गोल होऊन बराच वेळ पळत राहिले तर तवा जास्त तापला आहे, आच कमी करून मिनिटभर थांबा. थोडं तेल टाकून कापडाने जवळपास पूर्ण पुसून घ्या. डायनरचा एकसारखा सोनेरी रंग अशा कोरड्यासर तव्यावरच येतो. लोणी टाकलं तर त्यातले दुधाचे कण जळून ठिपके पडतात. कडा जाळीदार आणि कुरकुरीत आवडत असतील तर चमचाभर तूप टाका, तेही छान लागतं, फक्त तो रंग वेगळा.

प्रत्येकी ६० मिली, म्हणजे पाव कप पीठ एकाच जागी ओता, डावाने पसरवू नका. दोन ते अडीच मिनिटांत वर बुडबुडे येतील. ते फुटून भोकं तशीच राहिली आणि कडेची चकाकी गेली की उलटा. दुसरी बाजू दीड मिनिट. उलटल्यावर दाबायचं नाही, दाबलं की फुगवटा गेला. पहिला पॅनकेक बहुतेक वेळा बिघडतो, त्यावरूनच आच ठरवायची असते. बाहेर गडद आणि आत ओला असेल तर आच जास्त. फिका आणि चामट असेल तर कमी.

अंडं चालत नसेल तर ते वगळून दही ५० ग्रॅम आणि बेकिंग पावडर पाव चमचा वाढवा. पॅनकेक जरा नाजूक होतात, त्यामुळे आकार लहान ठेवा.

सिरप: मेपल, मेथी आणि काकवी

खरं मेपल सिरप म्हणजे शुगर मेपल झाडाचा आटवलेला रस, साधारण ४० लिटर रसाचं एक लिटर. महाग असण्याचं कारण तेवढंच. इथं घेताना लेबलावर घटक म्हणून फक्त मेपल सिरप लिहिलं आहे का ते पाहा. ‘मेपल फ्लेवर्ड’ लिहिलेली बाटली म्हणजे रंग-वास घातलेला साखरेचा किंवा मक्याचा पाक. अर्थात बहुतेक साध्या डायनरमध्ये टेबलावर तोच पाक असतो, त्यामुळे आठवण त्याचीच असेल तर खऱ्या मेपलसाठी जीव टाकायची गरज नाही. खरं घेतलंच तर उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर बुरशी येते.

घरी करायचं असेल तर गुरुकिल्ली मसाल्याच्या डब्यात आहे: मेथी. मेथीदाण्यात सोटोलॉन नावाचं संयुग असतं आणि मेपलचा ओळखीचा वास बराचसा त्याचाच. २००५ पासून न्यूयॉर्कमध्ये मधूनच सगळीकडे मेपल सिरपचा वास पसरायचा आणि लोक घाबरून तक्रारी करायचे. २००९ मध्ये शोध लागला की नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात सुगंधी द्रव्यांसाठी मेथीवर प्रक्रिया होत होती, वास तिथला. मेथीच्या लाडवांवर वाढलेल्या नाकाला हे आधीच कळायला हवं होतं!

अर्धा छोटा चमचा मेथीदाणे मंद आचेवर फक्त वास सुटेपर्यंत भाजा. लाल झाले तर कडू. १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम गूळ आणि १२० मिली पाणी उकळा, चार-पाच मिनिटं उकळल्यावर गॅस बंद करून अख्खे दाणे त्यात टाका. दहा मिनिटांनी चव घ्या, पंधरा मिनिटांत गाळा. दाणे कुटायचे नाहीत, पाकात उकळायचे नाहीत, रात्रभर तर अजिबात ठेवायचे नाहीत. शेवटी पाव चमचा व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ. गरम असताना पातळ वाटतं, थंड झाल्यावर दाटतं. गुळात खडे-कचरा असतो, म्हणून गाळणं टाळू नका.

दुसरा मार्ग कोल्हापूरकडच्या काकवीचा. नुसती काकवी पॅनकेकवर जड पडते आणि उसाची चव बाकी सगळ्यावर बसते. १०० मिली काकवीत ३० मिली पाणी आणि २० ग्रॅम लोणी घालून कोमट करा. मेपलची सर येत नाही, पण पुढे दिलेल्या पावासारख्या दक्षिणी बिस्किटांवर ही आम्हाला जास्त आवडते.

हॅश ब्राऊन

उपासाचा बटाट्याचा कीस करणाऱ्या घराला हा पदार्थ अर्धा येतोच, आणि अडचणही तीच. कीस सतत परततात आणि झाकण ठेवून वाफ आणतात. हॅश ब्राऊनला या दोन्ही गोष्टी वर्ज्य.

बटाट्यापासून सुरुवात करू. अमेरिकेत रसेट जातीचा, भरपूर स्टार्च आणि कमी पाणी असलेला बटाटा वापरतात. आपल्याकडे त्याच्या जवळचा म्हणजे वेफर्ससाठी विकसित केलेला चिप्सोना. भाजीवाले त्याला ‘शुगर फ्री बटाटा’ म्हणतात, त्यावर जाऊन मधुमेहींनी ताव मारू नये. स्टार्च त्यात आहेच, फक्त मोकळी साखर कमी असते. हिवाळ्यात येणारा, साल बोटाने सुटणारा नवा बटाटा पाणचट असतो, तो रश्शाला ठेवा. शीतगृहातल्या बटाट्याची अडचण उलट आहे: थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तव्यावर तो शिजण्याआधीच काळपट होतो. याच कारणाने कच्चे बटाटे घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत. शीतगृहातलेच मिळाले तर दोन आठवडे टोपलीत बाहेर ठेवल्यावर ते थोडे सुधारतात.

दोघांसाठी ५०० ग्रॅम बटाटे. आदल्या रात्री सालासकट अख्खे उकळत्या पाण्यात १० ते १२ मिनिटं शिजवा. सुरी टोचली तर बाहेरून जावी, मध्ये अडावी. कुकर नको, शिटीचा अंदाज चुकतो आणि भाजीचे बटाटे हाती येतात. गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. शिजलेला स्टार्च थंडीत घट्ट होतो, त्यामुळे सकाळी किसताना लगदा न होता सुटे धागे पडतात. किसणीची मोठी भोकं वापरा. अर्धा छोटा चमचा मीठ आणि मिरपूड हलक्या हाताने मिसळा.

वेळ नसेल तर कच्चे किसा, दोन पाण्यांतून धुवा आणि पंच्यात बांधून जीव खाऊन पिळा. पाणी राहिलं तर बटाटा आधी वाफवतो आणि मग करपतो, मध्ये कुरकुरीतपणाची वेळच येत नाही.

तव्यावर तीन मोठे चमचे तूप किंवा तेल, बेकनची चरबी असेल तर तीच. कीस टाकून सव्वा सेंटिमीटर जाडीचा थर करा आणि उलथन्याने एकदाच दाबा. मध्यम आच, झाकण नाही, आठ ते दहा मिनिटं हात नाही. कडा तपकिरी झाल्या आणि तवा हलवल्यावर थर एकसंध सरकला की उलटायला तयार. अख्खा उलटायची भीती वाटत असेल तर ताटलीवर सरकवून तव्यावर उपडा करा. कडेने चमचाभर तूप सोडून आणखी सहा-सात मिनिटं. तव्याला चिकटत असेल तर बहुतेक वेळा तवा पुरता तापला नव्हता किंवा घाई झाली. कवच तयार झालं की थर आपण होऊन सुटतो.

बेकन आणि सॉसेज

पोर्क खाणाऱ्यांनी इथं खर्च करावा, कारण चांगल्या बेकनला घरगुती पर्याय नाही. पाकिटावर ‘स्ट्रीकी’ शब्द पाहा, म्हणजे पोटाकडचं, चरबीच्या पट्ट्या असलेलं. ‘बॅक’ बेकन ब्रिटिश धाटणीचं, ते कुरकुरीत होत नाही. गोठलेलं पाकीट रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्या. थंड तव्यावर पट्ट्या लावून मगच गॅस पेटवा. मंद आचेवर चरबी वितळत दहा-बारा मिनिटांत होतं. गरम तव्यावर टाकलं तर आक्रसतं आणि चरबी आतच राहते. पांढरा फेस येणं म्हणजे त्यात पाणी बरंच भरलेलं होतं, फेस निघून जाईपर्यंत धीर धरा. जास्त माणसं असतील तर ओव्हनमध्ये २०० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. उरलेली चरबी गाळून बाटलीत ठेवा.

ब्रेकफास्ट सॉसेज मात्र घरी उत्तम होतं. ५०० ग्रॅम पोर्क खिमा, त्यात पाव भाग तरी चरबी हवी. मीठ ८ ग्रॅम, सेज नावाचा वाळलेला सुगंधी पाला दीड छोटा चमचा, ताजी भरड मिरी १ छोटा चमचा, वाळलेला थाइम (हाही सुगंधी पालाच) अर्धा, जायफळ चिमूट, लाल मिरचीचे तुकडे चिमूट, किसलेला गूळ १ छोटा चमचा. ओळखीची चव सेजची, तो वगळला तर फक्त खिम्याची टिक्की उरते. थंड खिम्यात सगळं मिसळा, चिमटीभर तळून मीठ पाहा, मग सेंटिमीटरभर जाडीच्या टिक्क्या करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. पोर्क खिमा आतून ७१ अंशांपर्यंत शिजायलाच हवा. चिकनचा केला तर ७४, आणि त्यात दोन मोठे चमचे लोणी मिसळा, नाहीतर भुसा होतो. गोव्याचं चोरीस अंड्यांबरोबर बहारीचं लागतं, पण व्हिनेगर आणि मिरचीची ती चव पूर्ण वेगळ्या गावची आहे, पर्याय म्हणून वापरू नका.

दक्षिणी बिस्किटं आणि पांढरी ग्रेव्ही

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टेनेसी, जॉर्जियाकडून आलेल्यांची ओढ याची. ही बिस्किटं म्हणजे फुगीर, पदर सुटणारे पाव. तिकडे मऊ गव्हाचं, कमी प्रथिनांचं पीठ वापरतात. आपल्या मैद्यातले २५ ग्रॅम काढून तेवढा कॉर्नफ्लोअर घातला की तसा मऊपणा येतो.

एकूण २५० ग्रॅम पीठ, बेकिंग पावडर अडीच छोटे चमचे, सोडा पाव, मीठ अर्धा (खारट लोणी असेल तर पाव), लोणी ८५ ग्रॅम, दही-दूध १८० मिली. आपल्या हवेत लोणी बोटांनी चोळता चोळता वितळतं आणि पदर सुटत नाहीत. म्हणून लोणी फ्रीझरमध्ये दगड करून किसणीवर किसा, पिठात मिसळा आणि पुन्हा दहा मिनिटं गार करा. गार दही-दूध घालून जेमतेम गोळा करा, थापा, चार घड्या घाला, अडीच सेंटिमीटर जाडीवर वाटीने सरळ दाबून कापा. वाटी फिरवली तर कडा मिटतात आणि बिस्किट तिरकं फुगतं. एकमेकांना चिकटवून ठेवा, २२० अंशांवर १४ ते १६ मिनिटं. ओटीजी निदान वीस मिनिटं आधी तापवा.

ग्रेव्हीसाठी २५० ग्रॅम सॉसेजचा खिमा परता, सुटलेल्या चरबीत तीन मोठे चमचे मैदा दोन मिनिटं भाजा, मग ६०० मिली दूध थोडं थोडं घाला. म्हशीचं असेल तर त्यातल्या १०० मिलीच्या जागी पाणी घ्या. भरड मिरी छोटा चमचाभर. उतरवताना थोडी पातळच ठेवा, ताटात दाटते. याच भागातले ग्रिट्स हवे असतील तर मक्याचा जाडसर रवा साडेचारपट पाण्यात अर्धा तास, ज्वारीच्या कण्यांसारखाच ढवळत शिजवा, शेवटी लोणी आणि मीठ.

बेगल, म्हणजे कड्यासारखा गोल पाव, चांगल्या बेकरीतून आणा, घरी तो पूर्ण दिवस खातो. क्रीम चीज मात्र करा: २५० ग्रॅम ताजा, आंबट न झालेला चक्का, ६० ग्रॅम मऊ अनसॉल्टेड लोणी, पाव चमचा मीठ, फेटून चार तास फ्रिजमध्ये.

अंडी, कॉफी आणि क्रम

ओव्हर ईझीसाठी, म्हणजे उलटून पण बलक पातळ ठेवून केलेल्या अंड्यासाठी, अंडं ताजं हवं, जुन्याचा पांढरा भाग तवाभर पळतो. पाण्यात टाकलेलं अंडं तळाशी आडवं राहिलं तर ताजं. मंद-मध्यम आचेवर छोटा चमचाभर लोणी, पांढरं जमेपर्यंत दोन मिनिटं, मग उलटून वीस सेकंद. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि वृद्धांसाठी बलक पूर्ण शिजवा. स्क्रॅम्बल्ड करताना भुर्जीचा हात विसरा: कांदा नाही, मोठी आच नाही, आणि अजून जरा ओलसर आहेत असं वाटताना गॅस बंद.

डायनरची कॉफी पातळसर असते. चिकोरी नसलेली, मध्यम भाजलेली चिकमगळूरची अरेबिका घ्या, लिटरभर पाण्याला ६० ग्रॅम, कागदी फिल्टरमधून. दक्षिण भारतीय पितळी फिल्टरचा डिकॉक्शन यासाठी फार गडद.

दोन बर्नर आणि एक ओटीजी असेल तर क्रम असा: आदल्या रात्री बटाटे, सॉसेज, सिरप. सकाळी आधी बेकन ओव्हनमध्ये आणि पॅनकेकचे कोरडे जिन्नस मोजून. बेकन निघालं की ओटीजी १०० अंशांवर आणा. एका बर्नरवर हॅश ब्राऊन चढवा, ते चालू असताना पीठ कालवून ठेवा, मग दुसऱ्यावर पॅनकेक. तयार झालेले जाळीवर, एकावर एक न ठेवता, ओटीजीत. चळत केली तर वाफेने खालचे ओले होतात. अंडी सगळ्यात शेवटी, माणसं टेबलावर बसल्यावर.

उरलेले पॅनकेक पूर्ण गार करून मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये महिनाभर टिकतात. गरम करायला टोस्टर किंवा तवा वापरा, मायक्रोवेव्हमध्ये चामट होतात. हॅश ब्राऊन उरलाच तर दुसऱ्या दिवशी कोरड्या तव्यावर, झाकण न ठेवता.